मान धरलीय, पाठ भरलीय? घरच्या घरी मालिश कशी करायची, अगदी पहिल्यापासून

लहानपणी कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत संध्याकाळी तालमीच्या दारावरनं गेलं की लाल मातीचा आणि तेलाचा मिसळलेला वास यायचा, आणि आत जोर-बैठका, लढती उरकून पोरं एकमेकांच्या पोटऱ्या नाहीतर पाठी रगडत बसलेली असायची. मी पण चार-पाच वर्षं तालमीत गेलो, कुस्ती पुढं सुटली पण मालिश हातात राहिली. पहिल्या दिवशी वस्तादांच्या पोटरीवर मी सगळा जोर लावून अंगठे रुतवले, तर ते पालथे पडल्या पडल्याच म्हणाले, "आरं, कणीक तिंबायचीय, दगड फोडायचा न्हाई. माझा श्वास अडकला की तुझा हात हलका झाला पायजे." खरं सांगतो, पुढं मालिशबद्दल जे काही वाचलं, शिकलो, करून बघितलं, ते सगळं फिरून फिरून याच एका वाक्यावर येतंय. दाब किती द्यायचा याचं माप हातात नाही, समोरच्याच्या श्वासात आहे, आणि स्वतःला मालिश करत असाल तर स्वतःच्या श्वासात.

आता मी शाहूपुरीत एका दुकानात बिलिंगला बसतो, दिवसाला नऊ-दहा तास, त्यामुळं मान आणि खांदे काय चीज आहे ते मला रोज कळतंय. पण हे नुसतं कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं नाही. गुजरीत मान खाली घालून दागिने घडवणारे कारागीर, हुपरीचे चांदीकामवाले, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आठ-आठ तास उभे राहणारे, घरात परात पुढं ओढून रोजच्या वीस-पंचवीस भाकऱ्या थापणाऱ्या आया-बहिणी, ऊसतोडीला वाकलेले लोक, प्रत्येकाचं दुखणं वेगळ्या जागी बसतंय पण मुळाशी गोष्ट एकच, एकच स्नायू तासन्‌तास ताणून नाहीतर आवळून धरलेला असतो आणि त्याला सैल व्हायला वेळच मिळत नाही.

आपण म्हणतो ना "गाठ झालीय", ती दोरीची बसते तशी गाठ नसते, स्नायूचा एक पट्टा आवळून राहिलेला असतो आणि बोटाखाली तो ताठ दोरीसारखा लागतो. त्यातल्या एखाद्या बिंदूवर दाबलं की दुखणं भलत्याच जागी उमटतं, म्हणजे दाबलं खांद्यावर आणि कळ गेली कानामागं, कपाळाला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत कुठल्या स्नायूतली कळ कुठं उमटते याचे नकाशेच तयार केले होते. त्यामुळं जिथं दुखतंय तिथंच रगडत बसू नका, आजूबाजूला वीतभर चाचपून बघा.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. मालिशनं "लॅक्टिक ॲसिड निघून जातं", "टॉक्सिन बाहेर पडतात" असं जे सगळे सांगतात ते खरं नाही, व्यायामात तयार झालेलं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळं, आणि ते २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतं. मग मालिशनं बरं का वाटतं, तर सावकाश, सुखद दाब मिळाला की मज्जासंस्था शांत होते, स्नायूला "आता सोड" असा निरोप जातो आणि दुखण्याची जाणीव कमी होते. म्हणूनच जोर लावून दाबलं तर उलटं होतं, अंग घाबरून अजून आवळतं. वस्तादांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हाताला कळलं होतं.

आधी कुठं हात लावायचा नाही ते

हा भाग वगळून पुढं जाऊ नका, कृपा करून. एकच पोटरी सुजलीय, लाल झालीय, हाताला गरम लागतीय आणि दुखतीय, तर तिला अजिबात चोळायचं नाही, आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं, सरळ दवाखाना गाठायचा. छातीत दाब येतोय, कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात जातीय, घाम फुटतोय, तर "खांदा भरला असंल" म्हणून बाम चोळत बसू नका, आपलं सीपीआर सरकारी हॉस्पिटल असो नाहीतर जवळचं दुसरं कुठलंही, पण तिकडं पळा. कंबर दुखतीय आणि त्यासोबत लघवी-संडासवरचा ताबा जातोय नाहीतर बैठकीची जागा बधिर झालीय, तर तीही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. ताजा मार, लचक, सूज असेल तर पहिले दोन दिवस रगडणं बंद. ताप असताना, त्वचेवर पुरळ-जखम असताना, फुगलेल्या निळ्या शिरांवर मालिश नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरला विचारा. साखरेचा त्रास आहे आणि पाय बधिर झालेत अशा माणसाच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं त्यांना कळत नाही.

शरीरावरच्या काही जागा तर कायमच्या सोडायच्या. गळ्याची पुढची आणि बाजूची मऊ जागा, काख, कोपराची आणि गुडघ्याची आतली लवण, जांघ, आणि मणक्याचं हाड. मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून जो मांसल भाग लागतो तो आपला, मधलं हाड आपलं नाही.

तयारी

फार काही लागत नाही. एक जुना टेनिस बॉल, गल्लीत पोरं खेळतात तो, एक जुना मोजा, घरातलं लाटणं आणि वाटीभर तेल. तेल कुठलं हा वाद आमच्यात पुष्कळ चालतो, तीळ, खोबरेल, करडई, पण तेलाचं मुख्य काम हात घसरायचं, त्यामुळं तुमच्या कातडीला चालतंय आणि वास सोसतोय ते घ्या. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल मला आवडतं, थंडीत वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करून घ्यायचं, थेट गॅसवर तापवायचं नाही. तेल आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज सुटली तर बदला. नखं कापा. अंगठ्या, कडं काढून ठेवा. शक्य असेल तर आंघोळीनंतर करा, नाहीतर दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्या जागेवर ठेवा, स्नायू निम्मा तिथंच सैल होतो.

दाबाचं माप असं ठेवा. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे ओरडावंसं वाटतं, तर आपण चार-पाचच्या वर जायचं नाही. दुखतंय पण गोड दुखतंय, सोडावंसं वाटत नाही, तो दाब बरोबर. दात आवळले, खांदा कानाकडं चढला, श्वास धरला गेला, म्हणजे जास्त झालं. मी एकदा हट्टानं खांद्यावरच्या गाठीवर दरवाजाची कड टेकवून दहा मिनिटं दाब दिला होता, दुसऱ्या दिवशी तिथं हिरवा-निळा डाग आणि मान डावीकडं वळेना, ती गाठ तर तशीच होती. तेव्हापासून कितीही घाई असली तरी मी आधी तीन श्वास मोजतो आणि मगच हात लावतो.

मान आणि खांदे

सुरुवात इथनं करा, निम्म्या लोकांचं दुखणं इथंच आहे. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, आणि मोबाईल बघायला ते जितकं पुढं झुकवाल तितकं मानेमागच्या स्नायूंना जास्त ओढून धरावं लागतं.

खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीला. डावा खांदा करायचा असेल तर डावा हात मांडीवर सैल टाका, किंवा मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवा, म्हणजे हाताचं ओझं खांद्यावर राहत नाही. मग उजवा हात पुढनं नेऊन मान आणि खांद्याच्या मधला जो जाड मांसल भाग आहे तो पूर्ण तळव्यात धरा, नुसत्या चिमटीत नाही, तळवा आणि चार बोटं यांच्यात, जशी मळलेली कणीक उचलता तशी. आता हळूच वर उचला, धरा, आणि तोंडानं श्वास लांब सोडा, सोडता सोडता खांदा खाली पडू द्या. चार-पाच वेळा असं करून मानेकडनं खांद्याकडं सरकत जा. बोटाखाली ताठ दोरी लागली की घासायचं थांबा, बोटं तिच्यावर नुसती ठेवा, चार-पाचचा दाब, आणि तीस सेकंद ते जास्तीत जास्त दीड मिनिट तसंच राहा. काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग अचानक बोटाखालचा ताठपणा विरघळल्यासारखा होतो, बर्फाचा तुकडा हातात पाणी होतो तसा. हे पहिल्यांदा कळलं की माणसाला मालिश कळली. नाहीच सुटली तर उद्या, आजच्या आज फोडायची नाही.

मग कवटी जिथं मानेवर बसते तिथं, मागच्या बाजूला, दोन्ही हातांचे अंगठे टेकवा, बाकीची बोटं डोक्यावर पसरून. अंगठे दाबायचे नाहीत, डोकंच हळू मागं अंगठ्यांवर सोडायचं, म्हणजे दाब डोक्याच्या वजनानं पडतो आणि तो आपोआप मापात राहतो. बारीक "हो-हो", "नको-नको" अशी मान हलवा. दिवसभर स्क्रीन बघून कपाळ दुखणाऱ्यांना इथं फार आराम पडतो, माझी बायको तर यातच डोळे मिटते.

इथं सलूनमधल्या चंपीबद्दल बोलायलाच पाहिजे. चंपी चांगलीच आहे, इंग्रजांनी शाम्पू हा शब्दसुद्धा आपल्या चंपीवरनंच उचलला. पण शेवटी हनुवटी आणि डोकं धरून मान कटकन मोडतात ना, ते करून घेऊ नका. मानेच्या मणक्यातनं मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातनं लकवा मारल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. मला एका सलूनात न विचारताच मान मोडून दिली होती, पुढचा अर्धा दिवस गरगरत होतं आणि मी घाबरून घरात पडून होतो, खरंतर तेव्हा दवाखान्यातच जायला पाहिजे होतं. आता खुर्चीत बसतानाच सांगतो, "भावा, चंपी कर, मान मोडू नको."

पाठ, भिंत आणि बॉल

पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून बॉल. बॉल मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरनं पुढं धरा म्हणजे बॉल खाली पडत नाही. भिंतीला पाठ करून उभे राहा, पाय भिंतीपासनं फूटभर पुढं, गुडघे जरा वाकवून. बॉल फऱ्याचं हाड, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, आणि मणका यांच्या मधल्या मांसल भागावर आणा. जास्त दाब पाहिजे तर पाय पुढं, कमी पाहिजे तर मागं, एवढं सोपं. इकडं-तिकडं इंचभर सरका, दुखरी जागा लागली की थांबा, श्वास. हात छातीवर घडी घालून स्वतःला मिठी मारल्यासारखं धरलं तर फरा बाजूला होतो आणि आतली जागा उघडी पडते. एका बाजूला दोन-तीन मिनिटं बास. जमिनीवर झोपून करायची घाई पहिल्या आठवड्यात नको, तिथं सगळं वजन बॉलवर येतं.

पाठ रोज करूनही परत भरून येत असेल तर पुढची बाजू बघा, म्हणजे छाती. वाकून काम करणाऱ्याची छाती आकसते आणि पाठ बिचारी दिवसभर मागं ओढत राहते. भिंतीकडं तोंड करून कॉलरच्या हाडाखाली, खांद्याच्या जवळ बॉल ठेवा आणि हलकं टेका. कारागीर लोकांनी हे नक्की करावं, त्यांची पाठ दुखते पण आवळलेली असते छाती. बायकांनी छातीच्या वरच्याच भागात राहावं, खाली येऊ नये.

कंबरेच्या खोलगट भागावर बॉल लावू नका. तिथं दुखत असलं तरी आवळलेलं बरंचदा कुल्ल्यात असतं, बाईकवर आणि खुर्चीत बसून बसून. भिंतीला कुल्ला टेकवून खुब्याच्या मागच्या मांसल भागात बॉल फिरवा. पायात मुंग्या आल्या नाहीतर कळ खाली पायात गेली तर बॉल तिथनं काढा, शीर दाबली जातीय. नंतर पाठीवर झोपून दोन्ही पाय खुर्चीवर ठेवा, पाच मिनिटं, नुसतं पडून राहा.

हात

भाकरी, टायपिंग, पान्हे-हातोडी, सगळ्याचा भार कोपराखालच्या हातावर. टेबलावर हात पालथा ठेवा, दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेनं मनगटाकडनं कोपराकडं सावकाश सरका, तेल लावून आठ-दहा वेळा. मग उताणा करून तेच. अंगठ्याच्या बुडाशी जो फुगीर भाग आहे तिथं मोबाईलवाल्यांची चांगलीच कळ निघते, तिथं नुसता दाब देऊन धरा. झालं.

पाय

मांडीला आणि पोटरीला लाटणं घ्या. खुर्चीत बसून मांडीवर गुडघ्याच्या वरनं खुब्याकडं, पोटरीवर घोट्याकडनं वर, दोन्ही हातांनी लाटणं धरून हलकं लाटत जायचं. नडगीच्या हाडावर नाही, गुडघ्याच्या मागं नाही. रात्री पोटरीत गोळा आला तर आधी चोळायचं नाही, आधी पायाचा पंजा आपल्याकडं ओढायचा, गुडघा सरळ ठेवून, गोळा सुटला की मग हलकं रगडायचं.

सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाच दुखत असेल तर बॉल जमिनीवर ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या तळवा त्याच्यावर फिरवा, टाचेच्या पुढच्या कमानीत. बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवली तर तीही चालते, मोजा घालून पाच मिनिटं फिरवायची.

दुसऱ्याला करताना

आई-वडिलांची, बायकोची, नवऱ्याची, मित्राची करत असाल तर पहिलं काम विचारायचं, कुठं दुखतंय आणि कुठं हात लावलेला नको. पालथं झोपवलं की घोट्यांखाली उशी सरकवा, कंबरेला बरं पडतं. हात तेलानं कोमट करून आधी पूर्ण पाठीवर लांब लांब फिरवा, कंबरेकडनं खांद्याकडं वर आणि बाजूनं खाली, दोन-तीन मिनिटं नुसतं एवढंच, अंगाला हाताची ओळख होऊ द्या. मग तिंबणं. मग दुखऱ्या जागी थांबून दाब. आणि शेवटी परत लांब हात. अंगठ्यांनी जोर काढू नका, आठवड्यात तुमचेच अंगठे दुखायला लागतील, तळव्याची टाच ठेवा आणि कोपर सरळ करून अंगाचं वजन पुढं झुकवा. एक हात उचलला तरी दुसरा अंगावरच राहू दे. आणि त्यांच्या बरगड्या वर-खाली होतायत ते बघत राहा, हालचाल थांबली की हात हलका.

घरात लहान पोराला पाठीवर चालवायची पद्धत आहे, पण म्हाताऱ्या माणसांना ते करू नका, ठिसूळ हाड तेवढ्यानंही मोडतं. आजीची मालिश म्हणजे तेल लावून नुसता हात फिरवणं, तेवढं पुष्कळ असतं तिला.

किती वेळा

दिवाळीत नरक चतुर्दशीला आपण तेल-उटणं लावून घेतो आणि मग वर्षभर अंगाकडं बघत नाही. रोज दहा मिनिटं करा, एका दिवशी मान, एका दिवशी पाय, असं वाटून घेतलं तरी चालेल. नंतर लगेच मोबाईल घेऊन बसू नका, मान सावकाश दोन्हीकडं वळवा, खांदे फिरवा, जमलं तर रंकाळ्याला एक चक्कर मारा, सैल झालेल्या स्नायूला हलवलं तरच ते टिकतं. दुसऱ्या दिवशी थोडं हुळहुळलं तर हरकत नाही, डाग पडला तर दाब जास्त झाला. दोन-तीन आठवडे करूनही दुखणं तसंच आहे, रात्री झोपेतनं उठवतंय, हाता-पायातली ताकद कमी वाटतीय, नाहीतर वजन कारणाशिवाय उतरतंय, तर डॉक्टरला दाखवा, फिजिओथेरपिस्टकडं जा.

आणि ज्यांना हे सगळं जास्त वाटतंय त्यांनी आज रात्री फक्त काशाची वाटी घ्या. तळपायाला चमचाभर तूप नाहीतर खोबरेल लावून वाटीचा बुडखा टाचेकडनं बोटांकडं गोल गोल फिरवायचा, एका पायाला पाच-सात मिनिटं. तळवा काळा पडेल, त्याला लोक "उष्णता निघाली" म्हणतात, पण तो काळेपणा वाटीच्या धातूचा, तेलाशी आणि घामाशी घासून आलेला, त्यामुळं काळं आलं नाही म्हणून अजून जोरात घासू नका. माझी आई घासता घासताच घोरायला लागते. झालं की फडक्यानं पाय पुसा आणि जुने मोजे घाला, तेलाच्या पायानं रात्री फरशीवर उतरलं की माणूस घसरतोच.